आर्किटेक्टची फी वसूल झाली का? तीन पावसाळ्यांनंतर

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं काम. मशीन घेताना किंमत नंतर; आधी बेअरिंग कुठलं आणि ते बदलायला किती वेळ जातो हे विचारतो. घर बांधताना मात्र सगळी अक्कल गहाण टाकून चौरस फुटाच्या दरावर अडून बसलो होतो. फी ऐकून आई म्हणाली, "कागदावर रेघा मारायचे एवढे पैसे?"

आर्किटेक्टचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे.

पहिल्याच बैठकीत साहेबांनी विचारलं, 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं? दुधाळीकडच्या माणसाला हे आठवावं लागत नाही, शेजारच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून आहे. मीटर, इन्व्हर्टर, मोटरचा स्टार्टर, सगळं त्या रेघेच्या वर गेलं. जोत्याचा खर्च वाढला तेव्हा मी लई कुरकुरलो.

पटलं ते डक्ट. दोन बाथरूमच्या मधे माणूस आत उभा राहील एवढी जागा सोडून पाइप तिथून उघडे नेले. "एवढ्यात देवघर बसलं असतं," मंडळींचं म्हणणं. मागच्या जुलैत एक जॉइंट गळायला लागला. प्लंबर दार उघडून आत शिरला, कपलिंग बदललं आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात याच कामाला भिंत फोडली होती. तसली टाइल तोवर बाजारातून गेलेली, म्हणून गुलाबी भिंतीत हिरवा चौकोन आजही चमकतोय. इथं साहेबांनी दोन बॉक्स टाइल्स आधीच माळ्यावर टाकायला लावल्यात.

बाहेरून खाली तीन फूट काळा दगड, रंग त्याच्या वर. पावसाचे शिंतोडे उडतात तिथलाच रंग आधी सुटतो, आणि परांची बांधायची म्हटलं की रंगाइतकीच मजुरी. पंखे बीएलडीसी: जुना 75 वॉट खायचा, हा 30. रोज बारा तास धरा, एका पंख्यामागे वर्षाला दोनशेच्या आसपास युनिट वाचतात. या सगळ्या जादा खर्चाला पैसे आले कुठून? फॉल्स सीलिंग आणि पुढची काच त्यांनी उडवली. मेहुणे अजून नाकं मुरडतात.

आता तक्रार. फोन चारदा केल्यावर उचलतात. साइटवर महिन्यातून दोनदा यायचं ठरलं होतं, एकदाच यायचे. आणि जिन्यावरची काच! प्रत्येक गोष्टीला "हे पुसणार कोण, दुरुस्त करणार कोण?" विचारणाऱ्या माणसानं ती स्वतः सुचवली. वर चढायला जागा नाही, पुसायला कोण जात नाही, दुसऱ्याच पावसाळ्यात कडेनं टिपकायला लागली. दोनदा सिलिकॉन मारलं. शेवटी वरून पत्रा टाकला.

पाचपैकी चार स्टार. जिन्यात भर दुपारी नऊ वॉटचा बल्ब लावून चढतोय.