आमच्या वॉर्डातलं कामांचं पत्रक : बेळगावच्या वडगावहून एक अभिप्राय

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात नगरसेविकेचं एक पत्रक निघतं. एकच कागद, वर कन्नड आणि खाली मराठी. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं आणि रेशन दुकानाच्या व देवळाच्या फळ्यावरही लागतं. त्याच्या जोडीला दर दोन महिन्यांनी देवळाच्या मंडपात बैठक असते. या दोन्हींबद्दल लिहिते आहे. नगरसेविकेचं नाव आणि वॉर्डाचा क्रमांक देत नाही, कारण हा कुणाचा प्रचार नव्हे. मी वडगावात फॉल-पिकोचं दुकान चालवते, घरात दोन यंत्रमाग आहेत, एप्रिल संपायच्या आत घरपट्टी भरून ५ टक्के सूट घेते. त्या पैशाचं पुढं काय होतं हे कळावं, एवढीच माझी अपेक्षा.

पत्रकात काय असतं? कामाचं नाव, ते कुठल्या गल्लीत, पैसे कुठल्या निधीतले (वित्त आयोग, महापालिकेचा स्वनिधी की अनुसूचित जाती-जमातींसाठीचा २४.१० टक्क्यांचा राखीव निधी), अंदाजपत्रक केवढं, वर्क ऑर्डर निघाली का. आणि शेवटचा रकाना, ‘का थांबलं’. सगळं पत्रक एका बाजूला आणि हा रकाना एका बाजूला, असं माझं मत आहे. झालेली कामं डोळ्यांना दिसतात, त्यांचा फोटो लागत नाही. थांबलेल्या कामाचं कारण मात्र कुणी सांगत नाही आणि मग गल्लीत ज्याला जे वाटेल ते तो बोलतो.

आमच्याच गल्लीचं घ्या. पेव्हर्स (गल्लीत बसवायच्या सिमेंटच्या विटा) येऊन पडले, वाळू पडली, आणि काम बंद. पावसाळा तोंडावर. सुताची बीमं (मागावर चढवायचे सूत गुंडाळलेले जड रूळ) घेऊन येणारी टमटम आत येईना, माणसं बीम खांद्यावर घेऊन आणायची. कंत्राटदार फोन घेईना. लोक नगरसेविकेवरच चिडले होते. त्या महिन्याच्या पत्रकात सरळ लिहिलेलं होतं : चोवीस तास पाण्याची पाईप या गल्लीत अजून पडायची आहे, आता पेव्हर्स बसवले तर पुन्हा उखडावे लागतील, म्हणून काम थांबवायला मीच (म्हणजे नगरसेविकेनं) सांगितलं आहे. खाली पाईपच्या कामाला लागणारा अंदाजे काळ. चिडलेल्यांचा राग लगेच गेला असं नाही, पण बोलणं बदललं. पाईप कधी पडणार, हे विचारायला चार माणसं एकत्र गेली. शहरात काही वॉर्डांना जागतिक बँकेच्या साहाय्याच्या योजनेतून चोवीस तास पाणी कधीच मिळालं, बाकीच्यांनी वर्षानुवर्षं वाट बघितली. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी आमच्या नळाला किती दिवसांआड येतं यावर आमच्या घरचं धुणं ठरतं. अशा ठिकाणी खरं कारण कळणं ही छोटी गोष्ट नाही.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे कुठलं काम कुणाचं हे पत्रकात लिहिलेलं असतं. खांबावरची तार हेस्कॉमची (वीज कंपनीची), पथदीप महापालिकेचा, हे माझ्यासारखीला आधी माहीत नव्हतं. आता अर्ज बरोबर दारात जातो. बळ्ळारी नाल्याचंही तसंच. नाला तुंबला की शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात पाणी चढतं आणि बासमतीची रोपं कुजतात. हा एका वॉर्डाचा विषय नव्हे, तरी मृगाआधी आमच्या हद्दीतला गाळ कुठवर काढला हे पत्रकात येतं. पुढच्या हद्दीत काढला नसेल तर उपयोग किती, हा प्रश्न उरतोच.

भाषेबद्दल लिहायलाच हवं. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, अशी केंद्राची तरतूद जुनी आहे. मराठीतून परिपत्रक मिळावं म्हणून बेळगावात किती निवेदनं दिली गेली, किती मोर्चे निघाले, हे इथल्या माणसाला सांगायला नको. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाल येईल तेव्हा येईल. तोवर आमच्या सासूबाईंना गटाराच्या कामाची माहिती त्यांना वाचता येते त्या भाषेत मिळते, याचं मला फार मोल वाटतं. शेजारचे विणकर कन्नड बोलतात, तेही तोच कागद वाचतात. दोन्हीकडचा मजकूर सारखाच आहे हे मी त्यांच्याकडून वाचून घेऊन तपासलं आहे. मराठीही आपली वाटते. गटाराला गटार आणि सीडी वर्कला (रस्त्याखालच्या मोरीला) सीडी वर्क म्हटलेलं असतं, कचेरीतले अवघड शब्द नसतात.

आता बैठकीकडे वळते. सुरुवातीला ती कामाच्या दिवशी दुपारी ठेवायचे. त्या वेळी बायका कांड्या भरत असतात, पुरुष मागावर. मंडपात यायचे ते पंच मंडळी आणि निवृत्त लोक. आम्ही काही जणींनी जाऊन सांगितलं, “अक्का, आम्हाला बोलवायचं असलं तर रात्री जेवणं झाल्यावर ठेवा की.” पुढची बैठक रात्रीची झाली. त्या रात्री एक वयस्क शेतकरी उठून म्हणाले की नवीन गटाराचा उतार उलटा धरला आहे, पाणी नाल्याकडे जायच्या ऐवजी गल्लीत फिरेल. तिथं बसलेल्या इंजिनिअरांनी आधी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी लेव्हल घेऊन बघितलं, म्हातारबाबांचं खरं निघालं आणि नकाशा बदलला. वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेला गर्दी कुठून येते, कुठं अडते, दुकानं कुठं मांडतात, हेही लोकांनीच सांगितलं आणि रस्त्याचं काम यात्रेनंतर सुरू करायचं ठरलं. कागदावर नसलेली असली माहिती गावातल्या माणसाकडेच असते.

पण इथंच माझी मुख्य तक्रार आहे. सूचना वहीत लिहून घेतात, सही घेतात, आणि पुढं काय झालं ते कळत नाही. उताराची सूचना मानली गेली ते डोळ्यांनी दिसलं. बाजाराच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, ही मागणी आम्ही बैठकीत मांडली आणि लेखीही दिली. त्यानंतरच्या पत्रकांत त्याचा शब्द नाही. जागा नसेल, निधी नसेल, महापालिकेच्या सभेत मंजुरी मिळाली नसेल, काहीही असो. होत नाही असं लिहिलं तरी चालेल, म्हणजे आम्ही दुसरी जागा शोधून देऊ. कामाला ‘का थांबलं’ असा रकाना आहे, तसा सूचनेला का नाही? बाजाराला आलेली बाई घरी परत जाईपर्यंत पाणी पीत नाही, ही गोष्ट वहीत बंद करून ठेवण्यासारखी नाही.

आणखी दोन उणिवा. पैशांचा आकडा फक्त अंदाजपत्रकाचा असतो, बिल केवढ्याचं निघालं ते येत नाही. काम पूर्ण झाल्यावर त्याची देखभाल कंत्राटदाराकडे किती काळ आहे, तेही नसतं. पेव्हर खचला की कुणाला धरायचं हे त्यावरच ठरतं. शिवाय ग्रुपवर पूजेच्या आणि नारळ फोडण्याच्या फोटोंची इतकी गर्दी होते की पत्रक वर सरकून जातं. फळ्यावरचा कागद आहे म्हणून बरं.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. सप्टेंबर २०२१ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, पण महापौर-उपमहापौरांची निवड व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. ५८ वॉर्डांत नगरसेवक निवडून आलेले होते आणि सभागृह मात्र भरत नव्हतं. त्या काळात पुष्कळ जणांनी “आम्हाला अधिकारच नाहीत” म्हणून हात वर केले. आमच्याकडे हा कागद त्याच काळात सुरू झाला, तेव्हा त्यात बहुतेक ‘अर्ज दिला, उत्तर नाही’ एवढंच असायचं. तेही छापलं, हे मला आवडलं होतं.

पाचपैकी सव्वातीनच्या आसपास गुण देते. माहितीसाठी चार, लोकांचं ऐकण्यासाठी चार, ऐकल्यावर उत्तर देण्यासाठी दोनच, असा माझा हिशेब आहे. दुसऱ्या वॉर्डातल्यांनी आपल्या नगरसेवकाकडे असा कागद मागावा आणि पहिल्याच दिवशी सूचनांचा रकाना घालून घ्यावा. आमच्या पुढच्या बैठकीत स्वच्छतागृहाचा अर्ज मी पुन्हा देणार आहे, या खेपेला पोचपावतीसह. बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांच्या सह्या गोळा करायला सुरुवात झाली आहे.