हिअरडब्ल्यूएचओ ॲप: कानाचं मशीन लागेल का, हे फोन कितपत सांगतो?

हिअरडब्ल्यूएचओ हे जागतिक आरोग्य संघटनेचं फुकट ॲप. २०१९ च्या जागतिक श्रवण दिनाच्या निमित्तानं आलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. मागे खरखर चालू असते, तिच्यातून तीन आकडे बोलले जातात आणि ऐकू आले ते कीपॅडवर दाबायचे, एवढंच काम. काही मिनिटांत १०० पैकी गुण मिळतात. ७५ च्या वर असतील तर ऐकणं चांगलं, ५० च्या खाली गेले तर कान दाखवायला हवेत.

साधा सूर ऐकवण्याऐवजी गोंगाटातले आकडे ऐकवणं, ही या ॲपची खरी हुशारी. वयोमानानं कानाच्या आतल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) झिजतात आणि झीज बहुधा उंच सुरांकडून सुरू होते. अ, आ, इ असे स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते टिकतात. स, श, फ, थ, ठ यांचा खणखणीतपणा उंच पट्टीतला, आणि मुळातच क्षीण. म्हणून आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. ‘साठ’चं ‘आठ’ होतं. घरात समोरासमोर ओठ बघून भागतं, पण मंगल कार्यालयात पंगतीच्या कलकलाटात शेजारचा काय म्हणाला ते कळत नाही. ‘तुम्हीच पुटपुटता’ ही ज्येष्ठांची तक्रार म्हणजे हट्टीपणा नव्हे, उंच सूर गेल्याची खूण आहे. ॲप नेमकी हीच दुखरी जागा चाचपतं. शिवाय इथे महत्त्व आवाज किती मोठा याला नसून आकडे आणि खरखर यांच्या प्रमाणाला असतं, त्यामुळे साध्या इअरफोनवरही काम भागतं. फोनवर सूर ऐकवून थेट डेसिबल (आवाजाच्या मोठेपणाचं माप) सांगणाऱ्या ॲप्सना ही सवलत नाही. त्यांना आवाज मापून (कॅलिब्रेट करून) घेतलेले हेडफोन लागतात.

चाचणी घेताना पंखा, टीव्ही बंद करा. इअरफोनच्या दोन्ही बाजू वाजतात का, ते आधी एखादं गाणं लावून बघा. एक बाजू मुकी असली तरी चाचणी बिनतक्रार पुढे सरकते आणि गुण फसवे येतात. सुरुवातीला आवाज सोयीचा लावून घ्या, मग त्याला हात लावू नका. नीट ऐकू आलं नाही तरी अंदाजानं दाबा. उत्तर बरोबर आलं की पुढची खेप अवघड होते, चुकलं की सोपी. निम्म्या खेपा हुकाव्यात अशीच रचना आहे, त्यामुळे ‘सगळं चुकतंय’ म्हणून मध्येच सोडू नका. टचस्क्रीनची सवय नसलेल्या आजोबांनी आकडे मोठ्यानं म्हणावेत आणि दुसऱ्यानं दाबावेत. मात्र दाबणाऱ्याच्या कानावर फोनचा आवाज पडता कामा नये, नाहीतर त्याचेच गुण लागतात. आणि चाचणी इंग्रजीत देणार असाल तर ‘सेव्हन’ ऐकून क्षणभर ‘सात’ शोधावा लागणाऱ्याचे गुण कानामुळे नाही, भाषेमुळे पडतील. इंग्रजी आकडे अंगवळणी नसतील तर या गुणांवर भिस्त ठेवू नका. सर्दीत कान दडपलेला असेल तर बरं वाटल्यावर द्या.

उणिवा दोन, आणि दोन्ही मोठ्या. पहिली, दोन्ही कानांचे मिळून एकच गुण. एक कान ठणठणीत असेल तर दुसऱ्याचं दुखणं झाकलं जाऊ शकतं. दुसरी, आवाज आपणच हवा तसा वाढवून घेतो. त्यामुळे कानातला मळ, पडद्याचं भोक, मधल्या कानातलं पाणी अशा कारणांनी ऐकू कमी येणारा माणूस चांगले गुण घेऊन सुटू शकतो, आणि त्याला कदाचित मशीन नव्हे, कान साफ करणं किंवा औषधच पुरेल. म्हणून गुण कमी आले तर तपासा, आणि गुण चांगले पण घरचे टीव्हीच्या आवाजाला वैतागलेले, तरीही तपासा. एका कानानं अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर ॲप उघडतच बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइडचा उपयोग लवकर सुरू केलं तरच जास्त होतो. एकाच कानात सतत गुंजन, कान वाहणं, चक्कर यांनाही डॉक्टरच हवेत.

पुढची पायरी ऑडिओमेट्री. शांत बूथमध्ये २५० ते ८००० हर्ट्झचे (हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप) सूर हेडफोनवर आणि नंतर त्यातले काही कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून ऐकवतात. अहवालातल्या आलेखात, म्हणजे ऑडिओग्राममध्ये, लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. हवेतून आणि हाडातून आलेल्या रेषांमध्ये अंतर असेल तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात. दुकानातल्या ‘मोफत तपासणी’त हाडाची चाचणी पुष्कळदा गाळलेली असते. ती नसेल तर त्या कागदावर मशीन घेऊ नका. तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाणी-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत या तपासण्या होतात.

२०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे सूर किती डेसिबलला ऐकू यायला लागतात, त्याच्या सरासरीवर श्रवणदोषाची श्रेणी लावते: २० ते ३५ डेसिबल सौम्य, ३५ ते ५० मध्यम, त्यापुढे तीव्रतेकडे. (आपल्याकडच्या बऱ्याच अहवालांत अजून २६ ते ४० सौम्य असा जुना हिशेब चालतो, म्हणून शब्द न बघता आकडे बघा.) पण सरासरी फसवते. समजा चार आकडे १०, १५, ३० आणि ६०. सरासरी २९ च्या आत, कागदावर ‘सौम्य’. प्रत्यक्षात ४००० हर्ट्झला ६० म्हणजे स, श, थ जवळपास गेलेच. हा माणूस मशीनच्या चाचणीला योग्य आहे, ‘सौम्य’ म्हणून त्याला परत पाठवणं चूक.

आकड्यांच्या जोडीला त्रास मोजा. एचएचआयई-एस ही दहा प्रश्नांची यादी त्यासाठीच आहे: ऐकू न आल्यामुळे घरच्यांशी खटके उडतात का, पाहुण्यांकडे जाणं टाळता का, अशा धर्तीची. ‘हो’ला ४, ‘कधीकधी’ला २, ‘नाही’ला ०. एकूण १० च्या पुढे गेलात आणि ऑडिओग्राम उंच सुरांकडे उतरता असेल तर मशीन लावून बघायची वेळ झाली, असं आमचं मत. डेसिबलची सरासरी ३५ च्या वर गेलेल्यांनी तर ‘अजून चालतंय’ म्हणत वर्षं घालवू नयेत. त्रासच नसेल तर सौम्य दोषाला वर्षाकाठी एक तपासणी पुरे, विक्रेता काहीही म्हणो.

मशीन लागेल का, हे बघायची पहिली पायरी म्हणून ॲपला आम्ही पाचपैकी चार देतो, एक गुण एका कानाच्या उणिवेसाठी कापून. मशीन घेतल्यावर मात्र ते कानात ठेवून वर हेडफोन चढवून पुन्हा गुण तपासू नका. मायक्रोफोन दबतो, शिट्टी वाजते, आकडा निरर्थक येतो. फिटिंग बरोबर बसलं का, हे बघायला ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) रिअल इअर मोजणी मागा. कानाच्या नळीत बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्याजवळ मोजतात.