साबणासाठी तेल कोणतं घ्यायचं, म्हणजे तो खवट होणार नाही?

घरी केलेल्या साबणावर काही महिन्यांनी केशरी ठिपके पडतात, कुबट वास यायला लागतो, आणि लोक म्हणतात लाय (म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी) कमी पडली असेल. कधीकधी ते खरंही असतं, पण बऱ्याचदा मूळ तेलातच असतं. लिनोलिक आणि लिनोलेनिक ही फॅटी अ‍ॅसिड हवेतल्या ऑक्सिजनने पटकन खराब होतात, त्यामुळे बाकी गुण नंतर, आधी तेलात ही दोन किती आहेत ते बघा.

खोबरेल या बाबतीत राजा. लिनोलिक जेमतेम 2 टक्के, साबण कडक, फेस भरपूर. फक्त एकट्याचा केला तर अंग कोरडं पडतं, म्हणून ते 25-30 टक्क्यांवर ठेवलेलं बरं. ऑलिव्हमध्ये लिनोलिक साधारण 10 टक्के, साबण सौम्य होतो, सुकायला मात्र वेळ घेतो. पामही 10 च्या आसपास, वर कडकपणा देतं. शिया बटर टिकायला छानच.

आता सूर्यफूल. साध्या सूर्यफुलात लिनोलिक 60 टक्क्यांच्या वर असू शकतं, करडईत त्याहून जास्त, पण त्यांचेच 'हाय ओलिक' (लिनोलिक कमी, सहज खराब न होणारं ओलिक जास्त) प्रकार मिळतात ते जवळपास ऑलिव्हसारखे वागतात, म्हणजे नाव तेच आणि स्वभाव एकदम उलटा, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय बाटली उचलू नका. सोयाबीनमध्ये लिनोलिक निम्म्याच्या आसपास, वर थोडं लिनोलेनिक. राइस ब्रान आणि तीळ मधले, दोन्हीत नैसर्गिक अँटिऑक्सिडंट असतात, पण त्या भरवशावर मी तरी अर्धा साबण त्यांचा करणार नाही. जवस नकोच.

हिशोब सोपा आहे. 60 टक्के ऑलिव्ह, 30 खोबरेल, 10 एरंडेल घेतलं तर लिनोलिक आणि लिनोलेनिक मिळून 7 टक्क्यांच्या आसपास येतात. साबण करणारे साधारण 15 ची मर्यादा धरतात. त्याच ऑलिव्हच्या जागी साधं सूर्यफूल घाला, आकडा 35 च्या पुढे! आणि हो, तेल बदललं की लाय पुन्हा मोजायची, कारण 100 ग्रॅम खोबरेलाला कॉस्टिक सोडा साधारण 18 ग्रॅम लागतो आणि ऑलिव्हला 13.5 च्या जवळपास.

साबण महिन्या-दोन महिन्यांत घरातच संपणार असेल तर थोडं सूर्यफूल चालेल. वर्षभर ठेवायचा किंवा कुणाला द्यायचा असेल तर खोबरेल-ऑलिव्ह घ्या, नाहीतर हाय ओलिक, पण तेल ताजं हवं, आधीच वास मारणारं तेल 'साबणात खपून जाईल' म्हणून घालू नका. सुपरफॅट (साबण न होता मुद्दाम शिल्लक ठेवलेलं तेल) 5 टक्क्यांवर थांबवा, पाणी डिस्टिल्ड वापरा कारण लोखंड-तांब्याचे कण खवट होणं वाढवतात. ते कण बांधून ठेवायला थोडं सायट्रिक अ‍ॅसिड घालता येतं, फक्त ते लाय खातं, 10 ग्रॅमला सव्वासहा ग्रॅम कॉस्टिक जास्तीचा धरा.