बार्ट टॉर्विकची प्लेअर टेबल: फुकट आहे, पण चाळणी नीट लावा

एनबीए ड्राफ्टसाठी, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या टीम जिथे नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यासाठी, कॉलेजचे खेळाडू जोखायचे तर पैसे न मोजता मिळणारं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे बार्ट टॉर्विकच्या साइटवरची खेळाडूंची टेबल. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या ग्रुपांत जून आला की मॉक ड्राफ्टची, म्हणजे कोण कितव्या नंबरला जाईल याच्या अंदाजाची, चढाओढ लागते आणि हरणाऱ्याला सगळ्यांना मामलेदारची मिसळ खिलवावी लागते, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. ज्यांना फक्त कोणती टीम कितव्या नंबरला निवडणार आणि पहिले नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत कुणाचा किती टक्का हेच हवं आहे, त्यांना टँकेथॉन ही साइट पुरे. केनपॉम या आकडेवारीच्या साइटचं वर्गणीचं पान टीमसाठी भारी आहे, पण एकेका खेळाडूला सोलून बघायचं तर टॉर्विकच.

पहिल्यांदा उघडल्यावर डोळे फिरतात. दिसायला ही साइट वीस वर्षांपूर्वीच्या एक्सेल शीटसारखी. भरमसाट कॉलम, बारीक अक्षरं, कुठल्या कॉलमचा अर्थ काय ते शोधायला वेगळी खटपट. लोकलमध्ये फोन उभा धरून बघायला जाल तर खेळाडूचं नाव दिसतं तेव्हा आकडा दिसत नाही, आणि आकड्यापर्यंत सरकलात की नाव गायब. फोन आडवा धरा, नाहीतर हवे तेवढे कॉलम घरी लॅपटॉपवर गुगल शीटमध्ये उतरवून घ्या.

खरी फसगत मात्र आकड्यांच्या क्रमात होते. नवखा माणूस गुणांवर किंवा एकूण रेटिंगवर यादी लावतो आणि वरची दहा नावं उचलतो. त्यात निम्मे जण बावीस-तेवीस वर्षांचे, छोट्या कॉन्फरन्समधले (कॉलेजांच्या गटांमधले), वर्षानुवर्षं त्याच ठरलेल्या चाली खेळून तयार झालेले निघतात. म्हणून आधी चाळणी लावायची. एकूण मिनिटांपैकी खेळाडू किती टक्के मिनिटं मैदानावर होता, ती किमान मर्यादा 40 ठेवा. 60 ठेवलीत तर पाटी स्वच्छ दिसते खरी, पण चांगला माल गळतो. आज एनबीएत असलेला डेव्हिन बुकर 2014-15 साली केंटकी कॉलेजकडून सरासरी साडेएकवीस मिनिटं खेळला, म्हणजे 40 मिनिटांच्या मॅचमध्ये जेमतेम 54 टक्के. गुण सरासरी 10, आणि एकदाही पहिल्या पाचात नाही. 2015 ला तो तेराव्या नंबरला गेला. 60 च्या चाळणीत तो दिसलाच नसता.

दुसरी चाळणी प्रतिस्पर्ध्याची. नोव्हेंबर-डिसेंबरात मोठी कॉलेजं छोट्या कॉलेजांना पैसे देऊन बोलावतात आणि चाळीस गुणांनी धुतात. रणजीतली सरासरी पाटा खेळपट्टीवर फुगवावी, तसा हा प्रकार. टेबलवर फक्त पहिल्या 50 किंवा पहिल्या 100 टीमविरुद्धचे आकडे बघायची सोय आहे, आणि ही साइट वापरण्याचं अर्धं कारण तीच. पण मॅचची संख्या घसरते, हे ध्यानात ठेवा. आठ मॅचवरून कुणाला तारू नका, कुणाला मारू नका. पूर्ण सीझनचे आणि चाळलेले आकडे शेजारी ठेवायचे, आणि ज्याचा टर्नओव्हरचा (चेंडू गमावण्याचा) टक्का एकदम वर जातो त्याच्यावर लाल खूण करायची. शूटिंग घसरलं तर तो नशिबाचाही खेळ असू शकतो. चेंडू हातून सुटायला लागला तर तसं म्हणून चालत नाही.

आता शूटिंग. सगळ्यात जास्त मिसळी इथेच हरल्या जातात. फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा खेळाडू, एका सीझनला साधारण शंभर ते दोनशे थ्री (तीन गुणांचे लांबचे शॉट) मारून बघतो. शंभर शॉटमागे गणित असं आहे की, ज्याची खरी कुवत 35 टक्क्यांची, त्याचा आकडा निव्वळ योगायोगाने 26 पासून 44 पर्यंत कुठेही पडू शकतो. म्हणजे 41 टक्केवाला आणि 31 टक्केवाला हे एकाच लायकीचे शूटर असू शकतात. त्यासाठी शेजारचा फ्री थ्रोचा कॉलम बघायचा. तिथे बचाव नाही, अंतर बदलत नाही, घाई नाही. हात कसा आहे एवढंच कळतं.

2017 चा ड्राफ्ट याचा धडधडीत नमुना. पहिला गेलेला मार्केल फुल्ट्झ कॉलेजात थ्री 41.3 टक्के, फ्री थ्रो 64.9. दुसरा गेलेला लोन्झो बॉल थ्री 41.2, फ्री थ्रो 67.3. दोघांच्या थ्रीच्या आकड्याला लोक भुलले. लोन्झो पहिल्याच एनबीए सीझनला थ्री 30.5 टक्क्यांवर आला आणि फ्री थ्रो 45.1 टक्क्यांवर. फुल्ट्झच्या खांद्याच्या दुखण्याचा भाग वेगळा धरला, तरी इशारा टेबलवर होताच. उलट्या बाजूने कवाय लेनर्ड बघा. सॅन डिएगो स्टेटच्या शेवटच्या सीझनला थ्री 29 टक्के, पण फ्री थ्रो 76 च्या आसपास. 2011 ला तो पंधराव्या नंबरपर्यंत घसरला, आणि पहिल्या एनबीए सीझनला थ्री 37.6 टक्के.

फ्री थ्रो 80 च्या वर आणि थ्रीचे प्रयत्न भरपूर, असा खेळाडू 33 टक्क्यांनी मारत असला तरी त्याला शूटर धरा. प्रयत्नांची संख्या टक्क्यापेक्षा जास्त बोलते, कारण खराब हाताच्या पोराला कोच इतके शॉट मारूच देत नाही. जुन्या खेळाडूंशी तुलना करताना एक खाचखळगा आहे: पुरुषांच्या कॉलेज खेळात थ्रीची रेघ 2019-20 पासून 22 फूट पावणेदोन इंचांवर गेली, त्याआधी ती 20 फूट 9 इंचांवर होती. एनबीएत ती मधोमध 23 फूट 9 इंच आहे. त्यामुळे 2015 चा 38 टक्के आणि आजचा 38 टक्के एकाच तराजूत घालू नका.

एकूण किफायतीसाठी ट्रू शूटिंगचा कॉलम आहे. हिशोब साधा: मैदानी प्रयत्नांत फ्री थ्रोच्या प्रयत्नांचे 0.44 पट मिळवा, त्याची दुप्पट करा आणि गुणांना तिने भागा. 520 गुण, 400 शॉट, 150 फ्री थ्रो असतील तर 55.8 टक्के. पण हा आकडा युसेजच्या, म्हणजे मैदानावर असताना टीमच्या किती टक्के चाली त्याच्या हातून संपतात त्याच्या, सोबतच वाचायचा. पाच जणांत समान वाटणी म्हणजे 20. युसेज 15 आणि ट्रू शूटिंग 65 असणारा बिग मॅन (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) बहुधा दुसऱ्याने ताटात वाढलेले डंक, म्हणजे वरून रिंगमध्ये कोंबलेले चेंडू, मारत असतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याला दहाच्या आत घेऊ नका.

रिंगजवळचे शॉट, लांबचे टू आणि डंक यांचे वेगळे कॉलम हे या टेबलचं वैशिष्ट्य. गार्डचे (चेंडू हाताळणाऱ्या, तुलनेने बुटक्या खेळाडूचे) डंक मोजले की त्याची उडी आणि पहिलं पाऊल कळतं. संपूर्ण सीझनला एक-दोनच डंक करणारा सहा फूट पाच इंचांचा विंग (बाजूने खेळणारा खेळाडू) दिसला की व्हिडिओ काढून बघाच. कमजोरी अशी की हे आकडे मॅचच्या नोंदीतून येतात, आणि कोणता शॉट रिंगजवळचा ते त्या त्या मैदानावरचा नोंद करणारा माणूस ठरवतो. कुणी चार फुटांवरचा फ्लोटर (हवेत उंच सोडलेला शॉट) ले-अप म्हणजे रिंगलगतचा शॉट म्हणून टाकतो, कुणी जंपर म्हणजे उडी मारून लांबून मारलेला शॉट म्हणून. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

स्टील आणि ब्लॉक हे चपळाईचं चांगलं माप, पण बचाव करणाऱ्याने कुणालाही न अडवता बास्केटखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये, हा एनबीएचा नियम कॉलेजात नाही. सेंटर बास्केटखाली तळ ठोकून बसू शकतो आणि ब्लॉक गोळा करतो. एनबीएत त्याला तिथून हलावं लागतं. झोन (एकेका खेळाडूऐवजी जागा राखणारा बचाव) खेळणाऱ्या टीमचेही आकडे असेच फुगतात. कोच जिम बोहाइमच्या सिरॅक्यूज कॉलेजचा 2-3 झोन (पुढे दोन, मागे तीन) त्यासाठीच कुप्रसिद्ध होता.

टेबलवर काय नाही, ते आता. वय नाही. फ्रेशमन-सीनियर एवढंच कळतं, आणि एक फ्रेशमन अठराचा तर दुसरा वीसचा असतो. 2025 ला पहिला गेलेला कूपर फ्लॅग निवडला गेला तेव्हा अठराच वर्षांचा होता; त्याच्या बरोबरीचे आकडे बावीस वर्षांच्या मुलाने काढले तर त्यांची किंमत बरीच कमी. जन्मतारखेचा कॉलम स्वतः जोडा, दुसरा इलाज नाही. कॉलेजबाहेरचे खेळाडूही नाहीत. 2023 आणि 2024 चे पहिले नंबर, वेम्बन्यामा आणि रिसाशे, दोघेही फ्रान्समधून थेट आले. आपला सतनाम सिंग 2015 ला 52 व्या नंबरला डॅलसने घेतला, तोही कॉलेज न खेळता, त्यामुळे तोही इथे सापडणार नाही.

आणि उंची? ती दिलेली आहे, पण कॉलेजने छापलेली. तिच्यावर काडीचाही विश्वास नको. रटगर्सचा एस बेली 6 फूट 10 इंच म्हणून मिरवत होता. 2025 च्या शिकागोच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचण्यांत) अनवाणी मोजला तर 6 फूट साडेसात. त्यासाठी एनबीएच्या साइटवरचं कम्बाइनचं पान उघडायचं. तेही फुकट. त्यात विंगस्पॅन (पसरलेल्या हातांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी) आणि हात वर करून पोहोच हे दोन कॉलम खरे. फ्लॅग अनवाणी 6 फूट पावणेआठ, विंगस्पॅन 7 फूट. धावण्या-उड्यांचे आकडे नजरेखालून घातले तरी चालतील. वजन उचलण्याचे जुने आकडे तर सोडूनच द्या. 2007 ला केव्हिन ड्युरंटला 185 पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता.

सोसायटीच्या कोर्टवर पोरांची हीच मापं घेणाऱ्या कोचांसाठी थोडं. टेप हातात धरून विंगस्पॅन मोजला की टेपला झोळ पडतो. ती भिंतीवर चिकटवा, पाठ भिंतीला, हात खांद्याच्या रेषेत, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. उंचीला डोक्यावर कडक पुस्तक सपाट दाबा, केसांच्या वरून पेन्सिल नको. हात वर करताना पोरं खांदा मुद्दाम आखडतात, कारण पोहोच कमी नोंदली की उडी जास्त दिसते. टाचा जमिनीला आणि खांदा पूर्ण ताणलेला, असं दोनदा मोजा आणि मोठा आकडा घ्या.

या सगळ्यानंतर पंधरा-वीस नावं उरतात, त्यांचेच व्हिडिओ बघा. हायलाइट नकोत, पूर्ण मॅच हवी, आणि चेंडू सोडून त्या एकाच पोरावर नजर. स्क्रीन लागल्यावर (प्रतिस्पर्ध्याने वाट अडवल्यावर) तो कुठून जातो, मदतीला वेळेवर येतो की चेंडू बघत उभा राहतो, शॉट चुकल्यावर परत धावतो का. टेबलला यातलं काहीच दिसत नाही. मार्चमधल्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीचे सामने आपल्याकडे रात्री पावणेदहाच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे निदान पहिला सामना तरी ऑफिसच्या झोपेचं खोबरं न करता बघता येतो.

2024 पासून ड्राफ्ट दोन दिवसांत विभागला आहे आणि पहिली फेरी आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते. ग्रुपची यादी आदल्या रात्रीच बंद करा. पहाटे दुखापतीच्या आणि अदलाबदलीच्या बातम्या फिरू लागल्या की जो तो आपली नावं बदलतो, आणि मग मिसळीचं बिल कुणाच्या नावावर यावरून जुलैपर्यंत भांडण चालतं.