जांभळी नाक्यावरची शेवळं: घ्या, पण काकडांसकट
ठाण्याच्या जांभळी नाका बाजारात पावसाच्या तोंडावर शेवळं या रानभाजीच्या जुड्या येतात. घट्ट मिटलेली घ्या. उमललेली, काळपट नकोत. सोबत काकडं (काकड झाडाची आंबट फळं) मागाच, दोन जुड्यांना 10-12 पुरतात.

खरी मेहनत घरी. हाताला तेल लावून वरची पानं सोला आणि तळाचा पिवळा दाणेदार भाग काढून टाका, नाहीतर घसा खवखवलाच समजा. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात, त्याला आंबट हवंच. बारीक चिरून सढळ तेलात रंग बदलेपर्यंत परता, मग ठेचलेल्या काकडांचं गाळलेलं पाणी घालून शिजवा. काकडं नसतील तर चिंच चालते, पण चव उतरते. सोललेल्या कोलंबीसोबत तर अफलातून. निवडायला तास जातो. घाईच्या दिवशी टाकळ्याची पालेभाजी बरी.