नव्याने बांधलेलं इंजिन, लवकर गेलेलं रॉड बेअरिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंजिनाचं पूर्ण काम झालं होतं. बोअर, पिस्टन-रिंग, क्रँक ०.२५ मिमी अंडरसाइजला (म्हणजे तेवढा बारीक) ग्राइंड, सगळी बेअरिंग नवी, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडची (कनेक्टिंग रॉडची) सुद्धा. तरी थोड्याच दिवसांत इंजिन गरम झालं की साधारण २,५०० आरपीएमला, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय किंचित उचलताना, खालून ठोका यायला लागला. इंजिन थंड असताना काहीच नाही. आता ते दुसऱ्यांदा बांधून बरेच महिने झालेत आणि गाडी रोज चालते आहे. कारण कसं सापडलं आणि त्यात कोणती साधनं खरंच उपयोगी पडली, ते लिहितो.

आधी ठोका कुठला ते ठरवावं लागतं. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढत गेलो. तिसऱ्याला आवाज जवळजवळ बंद झाला. त्या सिलिंडरमध्ये स्फोटच होत नसेल तर सैल रॉडवर जोर येत नाही, म्हणून ठोका दबतो. नुसता स्पार्क तोडू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा या सगळ्यात एकदाही लागला नाही. बहुतेक गाड्यांत ऑइल प्रेशर ०.३ ते ०.५ बारच्या आसपास घसरल्याशिवाय तो लागतच नाही. प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावल्यावर चित्र स्पष्ट झालं. थंड असताना प्रेशर भरपूर, गरम झाल्यावर आयडलला घसरलेलं, आणि रेस वाढवली तरी दर १,००० आरपीएममागे ०.७ बार या ढोबळ हिशेबाच्या खालीच. या सगळ्या कामात एकच साधन घ्यायचं असेल तर मी हे गेज सांगेन. फक्त त्याची नळी चांगली घ्या. स्वस्त प्लॅस्टिकची नळी गरम इंजिनाजवळ टिकत नाही, आणि ती फुटली तर तेल बाहेर जातं.

मग जुना ऑइल फिल्टर कापला. आतला कागद पिळून उन्हात धरला तर तांबूस-सोनेरी चमचम दिसली. लोहचुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. म्हणजे हे लोखंड नाही, बेअरिंगचा धातू आहे.

बऱ्याच ठिकाणी इथे घाई होते. तिसऱ्या रॉडचे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) बदलायचे, चेंबर (खालचं तेलाचं भांडं) लावायचं आणि गाडी सोडून द्यायची. जे शेल इतक्या लवकर गेले त्यांच्या जागी नवे टाकले तर तेही त्याच वाटेने जाणार. म्हणून इंजिन उतरवून सगळ्या रॉडचे आणि सगळ्या मेन बेअरिंगचे (ज्यांत क्रँक फिरतो) शेल, वरचे-खालचे, खुणा करून क्रमाने मांडले. शेलची पाठ पोलादाची, वर तांबे-शिशाचा थर आणि त्यावर अगदी पातळ, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचा, करडा मऊ थर. तिसऱ्याचा करडा थर उडून तांबं उघडं पडलं होतं. बाकीच्या रॉडच्या शेलवर फिरण्याच्या दिशेने बारीक ओरखडे होते आणि काही ठिकाणी कण रुतून बसले होते. आणि मेन बेअरिंग? जवळजवळ स्वच्छ!

सगळं उत्तर इथेच होतं. तेल पंपातून फिल्टरमध्ये, तिथून गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत), मग मेन बेअरिंगला आणि पुढे क्रँकच्या आतल्या तिरक्या छिद्रांतून रॉडपर्यंत जातं. घाण गॅलरीत असती तर आधी मेन खरवडले गेले असते. मेन चांगले आणि रॉड खराब, म्हणजे घाण या दोघांच्या मध्ये, क्रँकच्या पोटातच. छिद्रांच्या टोकाचे प्लग काढले तर मागे ग्राइंडिंगची पूड आणि जुना चिकट गाळ घट्ट बसला होता. प्लग न काढता वरून कितीही हवा मारली तरी हा माल निघत नाही.

तिसराच सगळ्यात आधी का गेला? त्याचा वरचा शेल एका कडेला आणि खालचा विरुद्ध कडेला जास्त घासला होता. ही रॉड वाकल्याची खूण. तपासलं तर रॉड किंचित वाकलेला निघाला. शेलच्या दोन्ही कडा घासल्या असत्या तर जर्नलचा (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाचा) आकार किंवा कोपऱ्याची गोलाई तपासली असती. दोन शेलच्या जोडाजवळ घासलं असतं तर कॅप (रॉडचा खालचा, बोल्टने बसणारा अर्धा भाग) सरकल्याचा संशय आला असता. पाठ चकचकीत झाली असती तर शेल रॉडमध्ये सैल बसलाय असं समजलं असतं.

दुसऱ्या वेळी क्रँक ०.५० ला गेला, कारण तिसऱ्या जर्नलवर चरे होते. प्लग माझ्यासमोर काढून छिद्रं लांब ब्रशने घासली. रॉड बदलला, रॉडचे बोल्टही नवे घेतले, कारण ते घट्ट करताना ताणले जाणारे, म्हणजे एकदाच वापरायचे होते. जर्नल मायक्रोमीटरने दोन्ही टोकांना आणि दोन दिशांनी मोजले. शेवटी प्लॅस्टिगेज (बेअरिंगमधली फट मोजायची, दाबली की चपटी होणारी मऊ तार) लावून पाहिलं. ते छान साधन आहे, पण जर्नल अंडाकृती झालं असेल तर ते कळत नाही, कारण माप एकाच जागी मिळतं. फट जर्नलच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ४५ मिमीला ०.०४५ मिमीच्या आसपास, आणि कंपनीच्या मर्यादेत निघाली. पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, गेजचा काटा वर येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवला.

तेव्हापासून गेज कायमचं लावून ठेवलंय. गरम आयडलचं प्रेशर पहिल्या आठवड्यात होतं तिथेच आहे. दर ऑइल बदलाला फिल्टर कापतो. पहिल्यात थोडी करडी पूड दिसली, ती नव्या रिंग बसतानाची. त्यानंतरचे स्वच्छ निघाले. ठोका दबवायला जाड तेल टाका, असं बरेच जण सुचवत होते. त्याने आवाज काही दिवस झाकला जातो, पण रुतलेले कण जर्नल खरवडतच राहतात. क्रँक ग्राइंडिंगला देणार असाल तर प्लग काढून साफ करायचं आधीच लिहून द्या आणि परत घेताना छिद्रात पांढरं कापड घालून बघा.