साइटवरची प्रथमोपचार पेटी: खिळ्याला चालते, सिमेंटला नाही

जळगाव-धुळ्याकडे बांधकामासाठी म्हणून विकली जाणारी पांढरी प्रथमोपचार पेटी उघडली की कापूस, गॉज, रोलर बँडेज, चिकटपट्ट्या, अँटिसेप्टिक, कात्री आणि भाजल्यावरच्या मलमाची ट्यूब निघते. खिळा घुसला, पत्र्याने कापलं, तर ती कामाला येते. ओलं सिमेंट लागलं तर मात्र त्यातली फक्त कात्री आणि गॉज उपयोगी. मलमाला तर हातच लावू नये.

ओल्या सिमेंटचा पीएच 12 ते 13 असतो, म्हणजे ते तीव्र क्षारी असतं (साध्या पाण्याचा 7 च्या आसपास). ते आगीसारखं वरून भाजत नाही, कातडी विरघळवत आत उतरतं. आणि सुरुवातीला दुखत नाही, घात तिथेच होतो. कोबा करताना गुडघे तासभर मालात टेकलेले असतात, स्लॅबच्या दिवशी गमबुटात काँक्रीट शिरतं, काम चालूच राहतं. संध्याकाळी बूट काढला की घोटा लाल, दुसऱ्या दिवशी फोड आणि काळपट चट्टा. त्यावर मलम, खोबरेल किंवा हळद थापली की क्षार त्याखाली कोंडतो. लिंबू किंवा व्हिनेगर चोळण्यात धुण्याचा वेळ जातो आणि जखम आणखी चिडते.

खरं औषध पाणी, आणि ते पेटीत मावत नाही. आधी माखलेली पँट, मोजे, बूट काढायचे. कापड चिकटलं असेल तर ओढायचं नाही, भोवतीने कापायचं. कोरडी पावडर झटकायची. मग वाहत्या स्वच्छ पाण्याखाली निदान 20 मिनिटं, न चोळता. मिनिटाला 5 लिटर धरले तरी 100 लिटर झाले. थापी-घमेली धुतलेल्या पिंपातलं पाणी अजिबात नको, त्यात सिमेंटच उतरलेलं असतं. मे महिन्यात उन्हातल्या काळ्या टाकीचं पाणीही नको. खान्देशातल्या 44-45 अंशांत ते हातावर घेववत नाही.

म्हणून पेटी घेतलीत तरी सोबत झाकण आणि तोटी असलेला 200 लिटरचा स्वच्छ ड्रम सावलीत ठेवा, दोन मीटर मऊ नळी लावा. पीएच पट्ट्यांची एक डबी जरूर घ्या. धुऊन झाल्यावर ओल्या कातडीला पट्टी लावायची, रंग 7-8 च्या वर दाखवत असेल तर पुन्हा धुवायचं. दहा मिनिटांनी परत तपासायचं, कारण आत मुरलेला क्षार वर येतो. शेवटी कोरडं गॉज सैल बांधायचं. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात.

डोळ्यासाठी काही पेट्यांत सलाइनची 500 मिलिलिटरची बाटली असते. ती नळापर्यंत पोहोचेतो पुरते, तेवढंच. पापण्या बोटांनी उघड्या धरून, नाकाकडून कानाकडे धार सोडत 20 मिनिटं धुवायचं आणि 108 ला फोन करायचा. दवाखान्याच्या वाटेवरही धुणं थांबवायचं नाही. डोळा, चेहरा, सांधा, फोड किंवा काळी-पांढरी पडलेली कातडी असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे. सिमेंट किती वाजता लागलं आणि किती वेळ धुतलं, हे तिथे सांगा.

पेटीच्या झाकणावर चिकटवलेल्या सूचनांत भाजणं म्हणजे फक्त आग आणि वाफ. त्यावर सिमेंटची चिठ्ठी मराठीत आणि मजुरांना वाचता येईल त्या भाषेत स्वतःच लावावी लागते.